बिनपैशाचा डाव

फोनवर मॅनेजरांनी तिसऱ्यांदा विचारलं, "कार्यक्रम कसला म्हणालासा?"

मी तिसऱ्यांदा सांगितलं, "खेळ हो. टेबलाभोवती बसून खेळायचे. शनिवार-रविवार, बावीस माणसं."

"कॅरम स्पर्धा काय?"

"नाही, स्पर्धा नाही. बक्षीसबिक्षीस काही नाही."

पलीकडून थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग आवाज उतरवून, "समितीची मीटिंग नव्हं?"

समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. बेळगावात मराठी आडनावाच्या माणसानं हॉल मागितला की हा प्रश्न ठरलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, सीमावादावर महाजन आयोग येऊन गेला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. एवढं सगळं झाल्यावर चार मराठी डोकी एका खोलीत बसली की ती निव्वळ चहा पिणार आहेत यावर कोण विश्वास ठेवील? मी म्हटलं, समितीचा काही संबंध नाही. मग त्यांनी चेन मार्केटिंगचं विचारलं. साबण-टूथपेस्टवाले असाच हॉल घेतात, सूट घालून येतात आणि टाळ्या वाजवतात म्हणे. तेही नाही म्हटल्यावर मॅनेजर एकदम मोकळे झाले. "असं असं. गटारी. मग आधी सांगायचं नव्हं? स्टार्टर किती प्लेट धरू?"

तारीख आषाढातल्या शेवटच्या शनिवारची होती, त्यामुळे त्यांचा अंदाज काही वावगा नव्हता. आषाढ आम्ही निवडला तो वेगळ्या कारणानं. मुहूर्त नसतात, हॉल रिकामे पडतात, भाडं निम्म्यावर येतं. माझा धंदा शहापुरात छपाईचा, त्यातही लग्नपत्रिकांचा. आषाढात प्रेसवर माशा मारायची वेळ येते ती याच कारणानं, त्यामुळे हॉलवाल्यांची नड मला आतून माहीत. तिकडे अमेरिकेतही गणित हेच असतं. धंद्यासाठी फिरणारी माणसं शनिवार-रविवारी घरी जातात, मोठ्या हॉटेलांच्या खोल्या ओस पडतात, मग खेळणाऱ्यांचं मंडळ येऊन म्हणतं, आम्ही इतक्या खोल्या भरतो, तुम्ही हॉल स्वस्तात द्या. आम्ही सहा खोल्या भरणार होतो. मॅनेजरांनी वहीत 'गेट टुगेदर' लिहिलं, सगळ्यांची आधार कार्डं झेरॉक्ससकट आणायला सांगितली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "बाहेरची बाटली चालत नाही बघा."

घरी आईची अडचण निराळीच. "हॉटेलात खेळणार? मग गिऱ्हाईकं कुठं बसायची?" आमच्याकडे हॉटेल म्हणजे इडली-वडा आणि फिल्टर कॉफी. राहायचं ठिकाण म्हणजे लॉज, आणि लॉज हा शब्द चारचौघांत उच्चारताना माणूस आधी आजूबाजूला बघतो. आमच्या बावीसात सात मुली-बायका होत्या. त्यांच्यातल्या एकीनं घरी सांगितलं, "दोन दिवस हॉटेलवर जातो, गेम आहे." (बेळगावच्या बायका 'जातो'च म्हणतात. पुण्याच्या बायकांना त्यात काय एवढं हसायला येतं कळत नाही.) त्यावर तिच्या वडिलांनी मीही येतो म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे पुढं येतो.

खेळ काय, ते एकदा सांगायला हवं. आम्ही खेळतो तो मुख्यतः 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच्या गोतावळ्यातले खेळ. एक जण गोष्ट चालवतो. इंग्रजीत त्याला मास्टर म्हणतात, आमच्याकडे त्याचा आपोआप 'मास्तर' झाला. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. मास्तर म्हणतो, समोर दरवाजा आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, काय करालास? तुम्ही म्हणता, लाथ घालतो. जमलं की नाही ते फासा सांगतो. फासे सात : चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, दहा बाजूंचे दोन. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही, गोष्ट पुढं जाते. तीन-तीन वर्षं जाते. आमच्यातला एक बँकेतला कारकून २०१९ पासून एकच बुटका म्हणून जगतोय. त्याची बायको म्हणते, घरी बोलत नाही तेवढं तिथं बोलतो.

हा खेळ विकायला आला १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या लहान गावातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी सुटली होती आणि तो घरी बसून लोकांचे बूट दुरुस्त करायचा, हे मला वाचल्यावर फार बरं वाटलं. त्याच्याही सात वर्षं आधी, १९६७ मध्ये, त्यानं विसेक मित्रांना घरी बोलावून युद्धाचे खेळ मांडले होते. दुसऱ्या वर्षी माणसं वाढली म्हणून गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्यानं घेतला. शंभरेक जण आले. त्याचं नाव जेन कॉन. जिनीव्हातला जेन, कन्व्हेन्शनचा कॉन, आणि युद्धाच्या नियमांचे जे जिनीव्हा करार असतात त्यांच्यावर कोटी. ही जत्रा २००३ पासून इंडियानापोलिसला भरते आणि अलीकडे तिथं ७० हजारांवर माणसं येतात. हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. आम्ही बावीस जण, म्हणजे जेन कॉनच्या १९६७ सालात होतो असं मी सगळ्यांना सांगत असे. कोणी हसत नसे.

या माणसांचं तिकडचं चित्र ठरलेलं आहे. जाडा, दाढी वाढलेला, आईच्या घरातल्या तळघरात राहणारा, बाईशी बोलता न येणारा, आणि मुख्य म्हणजे आंघोळ न करणारा. आमच्याकडे तळघरं नाहीत. असती तर जूनमध्येच पाण्यानं भरली असती. आमचा माणूस माळ्यावर सापडेल, जुन्या पितळी हंड्यांच्या पलीकडे. पण आंघोळीची गोष्ट मी खोटी म्हणणार नाही. अशा मेळ्यांना जुनी माणसं नवख्यांना एक नियम सांगतात : दिवसाला किमान सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. झोपेच्या तासांचा आकडा माणसागणिक बदलतो. आंघोळीचा बदलत नाही. आता नियम करावा लागतो तो कशामुळे, हे उघडच आहे.

आणि आमचंच सांगायचं तर, शनिवारी दुपारी दोनला हॉलचं दार उघडून मी आत आलो आणि दोन पावलं मागं सरलो. बाहेर सकाळपासून धार लागलेली. बावीस ओले रेनकोट खुर्च्यांच्या पाठींवर, एसीच्या खाली ओळीनं वाळत घातलेले मोजे, खानापूरहून मोटारसायकलवर आलेल्या दोघांची चिखलानं भरलेली पँट, भडंग, कांदा, मिरची भजी, आणि या सगळ्यांवर कोणीतरी भरपूर मारलेला सेंट. मी फळ्यावर खडूनं लिहिलं, 'मोजे खोलीवर'. म्हणजे आमच्याबद्दल जे जे बोललं जातं त्यातलं निदान हे एक आम्ही पहिल्या पाच तासांत खरं करून दाखवलं होतं.

घाणेरडेपणाचा शिक्का फार तर विनोदाचा विषय. दुसरा एक शिक्का होता आणि तो विनोदाचा नव्हता. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. फार हुशार, वयाच्या मानानं दोन-तीन वर्गं पुढं, आणि बहुतेक म्हणूनच एकटा. घरच्यांनी खाजगी गुप्तहेर लावला. मुलगा हा नवा खेळ खेळतो असं त्याला कळलं. विद्यापीठाच्या खालून वाफेच्या नळांची भुयारं जातात. झालं. भुयारं आणि राक्षसांचा खेळ, पोरगा खेळता खेळता खऱ्या भुयारात उतरला आणि हरवला, अशी गोष्ट तयार झाली आणि वर्तमानपत्रांनी ती देशभर नेली. खरी हकिकत अशी की मुलगा भुयारात उतरला होता, पण खेळायला नाही, जीव द्यायला. तिथून वाचला, ओळखीच्यांकडे लपत फिरला, महिन्याभरानं सापडला. पुढच्या वर्षी मात्र त्यानं स्वतःला संपवलंच. नैराश्य, अभ्यासाचं ओझं, घरच्यांच्या अपेक्षा. यातलं काहीच भुयाराइतकं चटकदार नाही. म्हणून लोकांच्या लक्षात भुयार राहिलं.

त्यानंतर १९८३ मध्ये, आत्महत्येत मुलगा गमावलेल्या एका आईनं या खेळाच्या विरोधात संघटना काढली. पोरं सैतानाची पूजा करायला शिकतात, मंत्रतंत्र शिकतात. चर्चमधून प्रवचनं झाली, टीव्हीवर चर्चा झाल्या. मी त्या आईला हसू शकत नाही. पोर गेल्यावर कारण हवं असतं, आणि घरात शोधण्यापेक्षा पुस्तकाच्या कपाटात शोधणं कमी दुखतं. आमच्याकडेही काय वेगळं? तमाशानं पोरं बिघडली, मग सिनेमानं, मग व्हिडिओ पार्लरनं, मग मोबाइलनं. २०१९ मध्ये आमच्या बेळगाव तालुक्यातली, मोबाइलवरच्या गेमवरून घरात झालेल्या खुनाची बातमी देशभर गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या आळीत 'गेम' हा शब्द ऐकला की बायका पदर तोंडाला लावत. नेमक्या त्याच वर्षी आमचा बँकवाला बुटका झाला. त्यानं घरी 'वाचनकट्टा' असं सांगितलं होतं. वाचनकट्ट्याला कोणी हरकत घेत नाही, आणि कट्ट्यावर येतो असंही कोणी म्हणत नाही.

पण सैतान आमच्याकडे चालला नसता. मंत्रतंत्र म्हणाल तर अर्ध्या गल्लीच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची लटकलेली. इथं माणसाला भिववायला दुसरी गोष्ट लागते, आणि ती मला शनिवारी संध्याकाळी चार वाजता कळली.

कोणाचा तरी वीस पडला. वीस बाजूंच्या फाशावर वीस म्हणजे बाजीगराचा बाजी मारण्याचा क्षण, आणि सहा जणांनी एकदम आरोळी ठोकली. दोन मिनिटांत मॅनेजर दारात. पन्नाशीचे, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांनी आधी टेबलांखाली बघितलं. बाटली नाही. मग टेबलांवर बघितलं. फासे, पत्ते, वह्या. (पत्ते माझ्याच प्रेसवर छापलेले, लग्नपत्रिकेच्या उरलेल्या जाड आर्ट कार्डवर. काही पत्त्यांच्या कडेला सोनेरी गणपतीचा अर्धा कान आलेला आहे.) त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मी तुम्हाला समितीचं विचारलो, गटारीचं विचारलो. हे तेवढं विचारायला विसरलो बघा. अंदर-बाहर चाललंय काय?"

बेळगावचा पेपर रोज वाचणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. 'अंदर-बाहर अड्ड्यावर छापा, अमुक जण ताब्यात, इतकी रोकड जप्त' ही बातमी पाऊस-पाण्यासारखी नेमानं येते. खाली मटक्याची. कर्नाटक पोलीस कायद्यात, १९६३ च्या, ७९ आणि ८० ही कलमं जुगाराच्या अड्ड्याची : जागा देणाराही अडकतो आणि खेळणाराही. हॉटेलवाल्याला ती तोंडपाठ असतात. त्याच कायद्यात १७६ वं कलम कौशल्याच्या खेळांना सोडून देतं, पण मॅनेजरांना मी ते ऐकवायला गेलो असतो तर त्यांनी थेट मालकाला फोन लावला असता. कलमं सांगणारा माणूस निर्दोष असल्याचं कोणी कधी पाहिलेलं नाही.

"पैसे लावलेले नाहीत हो," मी म्हटलं. "बघा की."

त्यांनी बघितलं. टेबलाटेबलाशी जाऊन बघितलं. एका मुलीच्या वहीत '३५० सोन्याची नाणी' असं लिहिलेलं होतं. तिथं थबकले. ती म्हणाली, "खोटी आहेत, काका." मग ते माझ्याकडे आले. संशय गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला जास्त लागलं. त्यांना आमची काळजी वाटायला लागली होती.

"पैसे नाहीत. बक्षीस नाही. दारू नाही. मग कशासाठी खेळालाय वो?"

मी काहीतरी उत्तर दिलं. मजा येते, मित्र भेटतात, डोकं चालतं. ते मान हलवत राहिले, आजारी माणसाची हकिकत ऐकताना हलवतात तशी. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना, आणि अजून गेलेला नाही. कारण त्यांनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलं होतं. जुगारी माणूस आमच्या समाजाला पुरता कळतो. त्याच्याबद्दल ऋग्वेदापासून माहिती आहे. दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त म्हणजे एका जुगाऱ्याचं रडगाणं : बेहड्याची फळं हे त्याचे फासे, बायको सोडून गेलीय, सासू तोंड बघत नाही, आणि शेवटी त्याला सांगितलं जातं, फासे खेळू नकोस बाबा, शेत नांगर. बेहड्याची झाडं आमच्या खानापूरच्या रानात हवी तेवढी. महाभारतात पणाशिवाय एक डाव नाही. दिवाळीतल्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असं नावच आहे, म्हणजे त्या दिवशी जुगाराला तिथीची परवानगी. वेरूळच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत, तिथंही शंकर हरतोय आणि नंदी पणाला लागलाय असं सांगणारे भेटतात. खेळात पैसा असला की तो पाप होतो, पण कळतो. खेळात चषक असला की तो स्पर्धा होतो, आणि नगरसेवक येऊन फीत कापतात. दोन्ही नसलं की मोठ्या माणसाच्या हातातला फासा कोणत्या खणात ठेवायचा ते लोकांना कळत नाही.

माझी आजी वडगावच्या घरात परसदारी खडूनं चौकाबाऱ्याचा पट आखायची. पाच घरं आडवी, पाच उभी, मधोमधच्या आणि प्रत्येक कडेच्या मधल्या घरात फुल्या. फासे म्हणजे चिंचोके. चिंचोका पाट्यावर एका बाजूनं घासायचा, काळं साल जाऊन आतला पांढरा गर दिसेपर्यंत. घासताना तो तापतो, बोटाला चटका बसतो. आजी मध्येच थुंकी लावायची. असे चार चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकले की किती पांढरे वर पडले त्यावर दान. शेजारच्या तीन म्हाताऱ्या, त्यातल्या दोघी कन्नड, दुपारी भांडी झाल्यावर जमायच्या. पैसे नाहीत. हरेल तिनं चहा करायचा, आणि चहा नाहीतरी आजीच करायची. आजोबा बाहेरून आले की एकच शब्द बोलायचे, "रिकामटेकड्या." त्या घरात त्या चौघींइतकी कामं कोणी करत नव्हतं. पण पुरुष खेळला तर जुगारी, बाई खेळली तर रिकामटेकडी, पोर खेळलं तर अभ्यास बुडवणारं, अशी लेबलं आधीच छापून ठेवलेली असतात. छापणाऱ्याच्या घरातला असून मी कधी त्यात बदल केला नाही.

आता ते वडील. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, मुलीला सोडायला म्हणून आले आणि दाराजवळची खुर्ची धरून बसले. पाठ ताठ, हातात घडी केलेली छत्री. दोन तास कोणाशी शब्द नाही. मुली-मुलांमध्ये किती अंतर आहे ते बहुतेक मोजत होते. मी आमच्या टेबलावर नकाशा मांडला : कणकुंबीच्या रानातून निघणाऱ्या मलप्रभेसारखी एक नदी, तिच्यावर नावेचा उतार, वर टेकडीवर गड. निळी लोकर म्हणजे नदी, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून केलेलं रान, थर्माकोलचा तट. सुभेदार काका कधी उठून मागं येऊन उभे राहिले कळलं नाही.

"सँड मॉडेल आहे की हे," ते म्हणाले.

मग थांबेचनात. दुश्मन कुठाय, कुमक कुठल्या वाटेनं येणार, उताराशी पहारा किती. पाचव्या मिनिटाला त्यांनी छत्रीच्या टोकानं माझा गड दाखवला. "वर पाणी कुठाय? टाकं नाही, विहीर नाही. हा गड तीन दिवस राहणार नाही." चार महिने मी तो गड रचत होतो. चार महिन्यांत माझ्या डोक्यात तटाच्या जंग्या आल्या, भुयारं आली, भुतं आली. पाणी आलं नाही.

ते म्हणाले त्यात खेळाची सगळी वंशावळ होती. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून युद्धाचा एक खेळ सेनाप्रमुखांच्या पुढं मांडला. किती माणसं पडली ते फासा ठरवणार, आणि नियम बघायला एक पंच. सेनाप्रमुख आधी कंटाळून बघत होते म्हणे, आणि मग म्हणाले की हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा. तो पंच म्हणजे आमच्या मास्तरचा खापरपणजोबा. सैन्यातून ते खेळ हौशी लोकांच्या टेबलांवर आले, तिथून लेक जिनीव्हाच्या हॉलमध्ये. बेळगावसारख्या लष्करी गावात हे कोणाला पटवावं लागू नये. टेबलावर भुश्याचं रान मांडून मोठी माणसं भोवती उभी राहतात हे कॅम्पात रोज चालतं, फक्त तिथं पगार मिळतो. काकांनी संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, उद्याही थांबतो. उद्या ते गडाचे किल्लेदार होते. त्यांनी पहिलं काम टाकं खोदायचं केलं, आणि तेवढ्यात आमची माणसं तट चढून आत आली. ते दिवसभर त्यावर वाद घालत होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी छान ठरलो असतो. लोक आम्हाला ओळखत नाहीत, ओळखलं की सुधारतात, वगैरे. पण शनिवारी रात्री जेवताना गोकाकचा आमचा एक मित्र, इंजिनियर, घरची भाषा कन्नड, मराठी माझ्याहून स्वच्छ, ताटातलं करदंट मोडता मोडता म्हणाला, "एक विचारू? तुझ्या गोष्टीतला शेतकरी मराठी बोलतो. म्हातारी मराठी बोलते. देवळातला पुजारी, राणी, सगळे मराठी. लाच मागणारा पहारेकरी तेवढा दर वेळी कन्नड. असं का रे?"

मी म्हटलं, दर वेळी कुठं. त्यानं बोटं मोजली. दोन वर्षांतले सहा पहारेकरी. सहाही जण "एल्लिंद बंदीरी?" म्हणजे कुठून आलात, असं दरडावून सुरुवात करणारे, हाताचा तळवा पुढं करणारे. मला खरंच माहीत नव्हतं. तोंडाला येईल तो आवाज काढायचा, आणि खिडकीपलीकडच्या माणसाचा आवाज म्हटलं की माझ्या तोंडाला तो येत होता. मी सारवासारव केली, कचेऱ्यांतले अनुभव सांगितले, फॉर्म कुठल्या भाषेत मिळतात ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "खरं असेल. मी चालवतो त्या गोष्टीत सावकार असतो बघ. तो नेहमी मराठी बोलतो. आमच्या घरात आजोबांपासून तसंच आहे."

मला पुण्याचं वसतिगृह आठवलं. पहिल्या आठवड्यात मी कोणाला तरी "काय करालायस?" विचारलं होतं, आणि पुढची तीन वर्षं माझं नाव 'करालाय' होतं. मी बोललो की कोणीतरी कन्नड चित्रपटातल्या खलनायकासारखे हातवारे करायचं. ते मला इतकं झोंबलेलं, की ते हातवारे मी जसेच्या तसे उचलून माझ्या पहारेकऱ्याला दिले आहेत, हे त्या करदंटाच्या ताटासमोर कळलं.

या खेळाचं हे दुखणं जुनं आहे. त्यात ऑर्क नावाची जमात होती, जन्मतःच दुष्ट आणि मठ्ठ. ड्राव नावाचे काळ्या कातडीचे एल्फ, म्हणजे परीकथेतली माणसं, तेही बहुतेक दुष्टच. जन्मावरून स्वभाव ठरवणारी कोष्टकंच छापलेली. २०२० मध्ये खेळाच्या मालक कंपनीनं हे चुकल्याचं मान्य केलं, आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द काढून 'प्रजाती' केला. त्यावर जुन्या खेळाडूंनी पुष्कळ आरडाओरडा केला. आमच्याबद्दल असं बोलू नका म्हणून चाळीस वर्षं ओरडलेली माणसंच त्यात पुढं होती. मीही त्या वेळी कुरकुरलो होतो, कशाला ही सोवळी म्हणून. ऑर्क कोणत्या गावाकडची बोली बोलतात हे कोणी मला विचारलं नव्हतं, इतकंच.

रविवारी रात्री नऊला शेवटचा डाव. माणसं नदीच्या उतारावर पोचली. गडाकडे जाणारा एकच नाका. मी म्हटलं, "अंधारातून पहारेकरी पुढं येतो आणि..." आणि थांबलो. गोकाककर माझ्याकडे बघत होता, हसत नव्हता. सुभेदार काका म्हणाले, "बोलू द्या की त्याला, ड्यूटीवर आहे तो."

त्याच वेळी मॅनेजर दारात आले होते, दहाला हॉल रिकामा करायचा ते आठवण करून द्यायला. दोन दिवसांत ते सात-आठ वेळा येऊन गेले होते, प्रत्येक वेळी थोडे जास्त थांबून. मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "मॅनेजरसाहेब, एक मिनिट. ही पाच माणसं रात्री तुमच्या दारात आलीत. भिजलेली आहेत. तुम्ही पहाऱ्यावर आहात. काय बोलाल?"

त्यांनी टेबलाकडे बघितलं. भुश्याचं रान, लोकरीची नदी. बुटक्याकडे, म्हणजे आमच्या बँकेच्या कारकुनाकडे, नीट निरखून बघितलं. खिशातलं पेन काढलं.

"आधार कार्ड?"

टेबल फुटलं हसून. बँकवाला हसला नाही, तो बुटका होता. छाती काढून म्हणाला, "आम्ही दऱ्याखोऱ्यांतले लोक. आमच्याकडे आधार नसतं."

"मग खोली मिळत नाही बघा."

"आत आमचा माणूस जखमी आहे हो."

मॅनेजर माझ्याकडे वळले. आवाज हळू, फोनवर समितीचं विचारताना होता तसाच. "किती पडलं तर सोडायचं असतंय?"

"पंधरा," मी म्हटलं.

बुटक्यानं फासा ओंजळीत खुळखुळवला, फुंकर घातली, टाकला. तो थर्माकोलच्या तटाला आपटून नदीत आला आणि लोकरीत अडकून थांबला. मॅनेजरांनी चष्मा वर करून वाकून बघितलं.

"चौदा," ते म्हणाले. "एकानं गेलं की वो." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मग सरळ उभे राहिले, पेन खिशाला लावलं. "जावा, झेरॉक्स काढून आणा. मी इथंच आहे."